शेवटचा बाक

तुम्ही वरच्या मजल्यावर बसून सांगता की माजी सैनिकांच्या या दवाखान्यातून तुमच्याकडे एकसुद्धा तक्रार आलेली नाही. खरं आहे. येईल कशी? जिना चढायच्या आधीच ती गिळायला लावणारा माणूस तुम्ही खाली बसवून ठेवला होता. त्याला पगार दिला नाहीत, हुद्दा दिला नाहीत. गादीची एक खुर्ची आणि दंडाला बांधायला एक निळी पट्टी दिलीत, आणि तेवढ्यावर त्या भल्या माणसाने तुमची लाज झाकली. ही गोष्ट त्याची आहे. त्याचा गुन्हा लपवायचा नाही, तो स्वतःच लपवत नाही. पण त्याच्या आडून तुम्हाला निसटू द्यायचं नाही.

त्याला सगळे हवालदार म्हणतात. पलटणीतून त्याच हुद्द्यावर निवृत्त झाला. बायको गेली, मुलगी लांब संसाराला लागली, कंबर धरली, म्हणून तो दवाखान्यात यायला लागला. तुमचा तो हॉल तुम्ही फारसा पाहिलेला नाही, म्हणून सांगायला हवं. छताला दोन पंखे आहेत. त्यातला एक फिरतो आणि दुसरा विचार करतो. लोखंडी बाक आहेत, जमिनीला स्क्रूने आवळलेले, जणू म्हातारे ते पळवून नेणार आहेत. समोर काचेची खिडकी. काचेला तोंडाएवढं भोक आहे, तेही इतकं खाली की बोलायचं तर वाकावंच लागतं. खिडकीमागे एक बाई बसते. सगळ्या डॉक्टरांच्या तारखा ती एकटी देते, सगळ्यांच्या शिव्या ती एकटी खाते. आणि कान-नाक-घशाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही दुसऱ्या दवाखान्यातून उसना आणलेला. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा.

हवालदार पहिल्यांदा आला त्या सकाळी हॉलमध्ये नंबरावरून जुंपली होती. एका पायाच्या ड्रायव्हरने कुबडी उगारली होती आणि समोरचा, पलटणीत पूल बांधायचा म्हणून ज्याला सगळे पूलवाला म्हणतात, तो चष्मा काढून खिशात ठेवत होता. खिडकीतली बाई रडत होती. हवालदाराने दारातूनच आवाज दिला, "सावधान."

अख्खा हॉल उभा राहिला. हर्निया झालेले उभे राहिले, टाके पडलेले उभे राहिले. ड्रायव्हर एका पायावर सावधान झाला आणि कुबडी खाली पडली. मग सगळे एकमेकांकडे बघून हसले, आणि त्या हसण्यात भांडण विरून गेलं.

त्या दिवसापासून हवालदार रोज हजेरी घ्यायला लागला. जो ज्या क्रमाने आला तो क्रम त्याच्या डोक्यात. नावाने हाक नाही, पलटणीत जे काम केलं त्याने.

"ड्रायव्हर."

"हजर."

"पूलवाला."

"हजर."

"बिनतारी."

बिनतारीने उभा जन्म बिनतारी यंत्राचे हेडफोन कानाला लावून काढलेला. आता कानात सतत शिट्टी वाजते. तो म्हणायचा, "हजर. आणि पहिल्या हाकेला ऐकू आलंय, साक्षीदार आहेत."

हवालदाराने नियम एकच केला. खिडकीवर जो आवाज चढवील तो शेवटच्या बाकावर जाईल. मग तो कुणी का असेना. हातही करायचा नाही, नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा. माणूस उठून मागे जायचा. नियम वाईट नव्हता. खिडकीतल्या बाईचा दोष नव्हता, तिच्यावर ओरडून डॉक्टर उगवणार नव्हता. हवालदाराला हे कळत होतं. कुणावर ओरडायला हवं, तेवढं मात्र त्याच्या नियमात नव्हतं.

एकदा मोठे साहेब खाली आले. हॉलमध्ये इतकी शांतता होती की विचार करणाऱ्या पंख्याचा विचारही ऐकू आला असता. साहेब खूश झाले. "हवालदार, तुमच्यामुळे हा दवाखाना दवाखान्यासारखा वाटतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गादीची खुर्ची आली. पट्टी आली. हवालदाराने ती घरी नेऊन इस्त्री केली.

मग आचारी आला.

पलटणीचा आचारी, हवालदाराचा दोस्त. दोघांनी एका तंबूत अनेक थंड्या काढलेल्या. हा आचारी रश्शाचा एक थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि अख्ख्या तुकडीचं मीठ ठरवायचा. चमच्याने कधी मोजलं नाही. आता त्याच जिभेखाली एक फोड आला होता आणि तो बरा होत नव्हता. जवळच्या डॉक्टरने सांगितलं होतं, तुकडा काढून तपासायला हवा, वेळ घालवू नका.

पहिल्या तारखेला डॉक्टर आलाच नाही. दुसऱ्या तारखेला आला, पण लवकर गेला. तिसऱ्या वेळी दिवा बिघडला होता, तोंडात बघायचा दिवा. खिडकीतली बाई प्रत्येक वेळी नवी तारीख द्यायची आणि वर बघायची नाही.

"काका, पुढच्या महिन्यात."

"दे बाई. माझी जीभ आहे, पळून थोडीच जातेय," आचारी म्हणायचा. हॉल हसायचा. आचाऱ्याला लोकांना हसवायची खोड होती, जेवणाबरोबर तीही फुकट वाढायचा.

घरी त्याची बायको हसत नव्हती. उशीवरचा रक्ताचा डाग ती रोज धूत होती. "बोलणाऱ्याची बोरं विकतात," ती त्याला म्हणाली. "आणि तुम्ही तिथं जाऊन पुतळ्यासारखे बसता. जरा तोंड उघडा. निदान दुखतंय म्हणून तरी उघडा."

त्याने उघडलं. पुढच्या तारखेला तो पहाटेच येऊन बसला होता. तरी त्याचा नंबर जवळ आल्यावर बाई भोकातून म्हणाली, "काका, आजचे पेशंट भरले. डॉक्टरांना लवकर जायचंय. पुढची तारीख देऊ?"

आचाऱ्याने काचेवर तळवा मारला. काच थरथरली.

"तोंडातून रक्त येतंय माझ्या. किती तारखा देशील? कोण आहे तुझा साहेब? त्याला खाली बोलव. मी इथून हलत नाही."

बाईने फोनचा रिसीव्हर उचलला. हे नीट लक्षात ठेवा. तिने उचलला होता. वरचा नंबर लावायला तिचं बोट पुढे झालं होतं.

हवालदार खुर्चीवरून उठला. "आवाज खाली."

"तू बस रे."

"आवाज खाली. शेवटचा बाक."

"अरे, मी आहे."

"दिसतंय कोण आहे ते. तुझ्यासाठी वेगळा नियम केला तर उद्या या ड्रायव्हरला काय सांगू?"

आणि त्याने अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.

आचाऱ्याने त्याच्याकडे बघितलं. मग हॉलकडे बघितलं. हॉलने जमिनीकडे बघितलं. कुणी म्हटलं नाही की असू दे हवालदार, त्याला रक्त येतंय. सैनिकच होता शेवटी. तोंड पुसलं आणि चालत चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसला. बाईने रिसीव्हर खाली ठेवला. सगळे एकेक जागा पुढे सरकले. पुढे सरकायला कुणाला नको असतं?

आरडाओरडा ऐकून डॉक्टर दारात आला होता. आणखी एक पेशंट बघतो म्हणाला. समोर बिनतारी होता. तो आत गेला. डॉक्टरने कानात दिवा घातला, काढला, म्हणाला, "शिट्टी ना? सवय करून घ्या." घोटभर चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बिनतारी बाहेर आला. डॉक्टर मागच्या दाराने गेला.

निघताना हवालदार आचाऱ्याजवळ थांबला. "पुढच्या वेळी तुला पहिला घेतो. शब्द देतो."

"घे. जीभ कुठे पळून जातेय," आचारी म्हणाला. या वेळी हॉल रिकामा होता, हसायला कुणी नव्हतं.

पुढची वेळ आलीच नाही. उसना डॉक्टर ज्याचा होता त्याने परत मागितला. काचेवर कागद चिकटला, की डॉक्टर उपलब्ध नाहीत. कागद पिवळा पडला, कडा वळल्या, बाईने त्यावर नवी चिकटपट्टी लावली. तुम्ही डॉक्टर लावला नाही, चिकटपट्टी मात्र पुरवलीत. आचारी आठवड्याच्या आठवड्याला येत राहिला, की कुणी आला असेल. आता गप्प बसायचा. हजेरीला "हजर" म्हणायचा तेव्हा तोंडात गरम घास असल्यासारखं वाटायचं. मग ते "हजर" नुसतं "अर" झालं. हवालदार ते ऐकायचा आणि पुढची हाक मारायचा.

शेवटी आचाऱ्याच्या बायकोने त्याला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर रागीट होता. तिलाच ओरडला, "आधी का नाही आणलं? तेव्हा चिमटीएवढं काढून भागलं असतं." तिने काय सांगायचं? की आणलं होतं, माझा नवरा तुमच्यासारख्याच एका दारासमोर बसून होता, आणि त्याच्या दोस्ताने त्याला मागे पाठवलं?

जीभ पुरती काढली. आचारी जगला.

हवालदार त्याला बघायला गेला तो फार उशिरा, आणि एकटं जायची हिंमत नव्हती म्हणून बिनतारीला बरोबर घेऊन गेला.

"तू बोल आधी," तो दारात म्हणाला.

"मी काय बोलू? मला ऐकू येत नाही," बिनतारी म्हणाला.

आचारी चुलीपाशी उभा होता. सदऱ्याखालून पोटातल्या नळीचं टोक दिसत होतं. त्याचं जेवण आता त्या नळीतून, पातळ करून. पण घरचा स्वयंपाक तोच करायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही. दोघांना बघून त्याने पळी उचलून सलाम ठोकला. मग तळहातावर रश्शाचा एक थेंब घेतला, सवयीने तोंडाकडे नेला आणि तिथेच थांबला. हात खाली केला. चमचा भरला आणि हवालदाराच्या तोंडापुढे धरला.

हवालदाराने चाखलं. नुसतं मीठ. डोळ्यांत पाणी येईल इतकं.

"झकास," तो म्हणाला. "पहिल्यासारखंच."

आचाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने वाढायला घेतलं. बायकोला बसवलं, बिनतारीला बसवलं. हवालदार तिसऱ्या जागेवर बसायला गेला तेव्हा आचाऱ्याने पळी आडवी केली आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. मागे, दाराशी, चपलांच्या जवळ एक स्टूल होतं. हवालदार मुकाट्याने तिथे जाऊन बसला. आचारी हसला. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. त्याने दोघांना वाढलं आणि सगळ्यात शेवटी त्याला. थट्टाच होती ती. थट्टेत कुठे मारायचं हे आचाऱ्याला पहिल्यापासून कळायचं.

बिनतारीने घास घेतला आणि ओरडला, "अरे, समुद्र आहे हा!"

आचाऱ्याने हवालदाराकडे बघितलं. मग शांतपणे भांडं उचलून परत चुलीवर ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि पाठमोरा ढवळत राहिला. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"भावजी," आचाऱ्याची बायको म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिथं तुम्ही ह्यांना गप्प केलंत. मी काही बोलले नाही. तुमचा नियम असेल. पण इथं तरी गोड बोलू नका. ह्यांना आता दुसऱ्याच्या जिभेवर दिवस काढायचेत. ती तरी खरी असू दे."

"वहिनी, चुकलं माझं."

"चुकलं ते मला सांगून काय करू? भाजीत घालू?"

हवालदाराने ताटातलं सगळं संपवलं, मिठासकट. घरी गेल्यावर त्याला तहान लागत राहिली. पाणी प्यायला, तरी ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तुमचा जिना चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आचाऱ्याची सगळी हकीकत शेवटच्या बाकासकट ऐकून घेतली. वागायला तुम्ही चांगले आहात, ते कुणी नाकारत नाही.

"साहेब, कान-घशाच्या डॉक्टरची जागा रिकामी कुणी ठेवली?"

"ठेवली कुणी नाही, हवालदार. राहिली. मंजुरी वरून यावी लागते."

"मला वाटलं वर म्हणजे हाच मजला."

"याच्याही वर असतं."

"त्याच्या वर?"

साहेबांनी पेन बंद केलं. "मलाही एक सांगा. त्या दिवशी त्या पेशंटला मागे कुणी पाठवलं? खिडकीने पाठवलं का? डॉक्टरने?"

"मी."

"आम्ही कधी तुम्हाला तसं करायला सांगितलं होतं?"

"नाही साहेब."

"मग. बघा, मनाला लावून घेऊ नका. तुमचं काम उत्तम आहे. खालून एक तक्रार नाही."

हवालदार जिना उतरला. साहेबांचं म्हणणं खोटं असतं तर तो भांडला असता. ते अर्धं खरं होतं. हे असंच चालतं तुमचं. माणसाचा गुन्हा खरा असला की तो उशीसारखा स्वतःच्या डोक्याखाली घेता आणि झोपता. त्याने दोस्ताला मागे पाठवलं हे खरंच. पण मागे बसलेल्यालाही डॉक्टर मिळेल, आज नाही तर पुढच्या आठवड्यात मिळेल, एवढा तर शेवटच्या बाकाचा अर्थ होता. त्या बाकाच्या मागे खड्डा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

पुढच्या हजेरीला तो पट्टी न बांधता आला. गादीची खुर्ची उचलली, खिडकीसमोर नेली आणि बाकांकडे तोंड करून रिकामी ठेवली. आचारी बायकोबरोबर नळी धुवून घ्यायला आला होता, तोही बाकावर होता.

"ताई," हवालदार वाकून भोकातून म्हणाला, "वर फोन लाव. सांग, खाली हजेरी आहे."

"काका, मला ओरडतील."

"सांग की हवालदार ओरडतोय."

बाईने त्याच्याकडे बघितलं, मग बाकावरच्या आचाऱ्याकडे. तिने रिसीव्हर उचलला. त्या दिवशी पुढे झालेलं बोट आज नंबरापर्यंत गेलं.

हवालदाराने परेडच्या मैदानावरचा आवाज काढला. काच थरथरली.

"ड्रायव्हर."

"हजर."

"पूलवाला."

"हजर."

"बिनतारी."

"हजर," बिनतारी म्हणाला. मग उभा राहिला. "त्या दिवशी मी आत गेलो. तो नंबर याचा होता. मला माहीत होतं."

"आचारी."

आचाऱ्याच्या हातात त्याच्या पातळ जेवणाच्या डब्याचं झाकण होतं. त्याने ते बाकाच्या लोखंडावर एकदा मारलं. आवाज हॉलभर गेला.

"ज्याने आचाऱ्याला मागे पाठवलं, तो."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. हवालदार स्वतः चालत गेला, शेवटच्या बाकापाशी जाऊन तोंड वळवलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "हजर."

मग तिथूनच, शेवटच्या बाकावरून, त्याने हाक मारली.

"ज्याने डॉक्टरची जागा रिकामी ठेवली, तो."

गादीची खुर्ची रिकामी होती. एक पंखा फिरत होता.

"ज्याने डॉक्टरची जागा रिकामी ठेवली, तो."

तेव्हा खिडकीतल्या बाईने कानाचा रिसीव्हर काढला आणि त्याचं तोंड काचेच्या भोकाला लावलं. म्हणजे पहिली हाक तुम्हाला कदाचित लांबून ऐकू आली असेल, दुसरी नीट ऐकू आली. फोन ठेवल्याचा आवाज आलेला नाही. तुम्ही तिथे आहात.

पलटणीत तीनदा हाक मारतात. तिसरी ही. ज्याने डॉक्टरची जागा रिकामी ठेवली, तो कोण आहे? मंजुरी नको, वरचा मजला नको, त्याच्याही वरचा नको. आचाऱ्याने झाकण वाजवून सांगितलं, तुम्हाला तर जीभ आहे. बाईने रिसीव्हर अजून काचेशी धरलाय, तिचा हात भरून आलाय.

बोला.